पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना: सगळी गोम एका रबरी कड्यात

बेळगावात टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट पडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत उभं राहिलं की कुणाच्या ब्रेकची काय अवस्था आहे ते न बघता कळतं. गेट उघडतं, रांग दहा फूट सरकते, परत थांबते, आणि त्यातली एखादी गाडी 'कींऽऽ' करून अशी किंचाळते की पुढचा स्कूटरवाला मागे वळून बघतो. गेल्या पावसाळ्यात ती गाडी माझी होती.

पहिले दोन दिवस मी कानाडोळा केला, आणि त्याला कारण होतं. गाडीच्या ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, बिडाची असते, म्हणजे ज्याचा आपला आंबोळीचा तवा असतो त्याच जातीच्या लोखंडाची. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमध्ये जे ओततात ते हेच. बिडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे विखुरलेले असतात. ते उष्णता झटकन पसरवतात आणि थरथर गिळून टाकतात, म्हणून डिस्कला बीड फार सोयीचं. पण ते गंजतंही तितक्याच हौसेनं. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी थर दिसतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर ऐकू येते. थर खरवडून गेला की आवाज बंद. खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला हे सांगायला नको, तिकडे चार महिने रोजची सकाळ अशीच सुरू होते. हा आवाज निरुपद्रवी.

माझा आवाज मात्र दुपारीही जाईना. ब्रेक न मारता गाडी सरकत असतानाही बारीक शीळ वाजायची आणि पेडल दाबलं की तिचा सूर बदलायचा. ही गंजाची नाही, पत्र्याची शीळ. डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून गाडी थांबवणारे ठोकळे म्हणजे पॅड. बऱ्याच पॅडना स्प्रिंगच्या पत्र्याची एक छोटी जीभ लावलेली असते. पॅड झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती जीभ डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते. म्हणजे आवाज हा बिघाड नाही, निरोप आहे. त्याच्याही पुढे गेलात की शिळेच्या जागी घरघर येते. तेव्हा पॅडवरचा घासणारा मसाला संपून पॅडची लोखंडी पाठ थेट डिस्कवर घासत असते. तिथपर्यंत गेलं की पॅडबरोबर डिस्कचाही खर्च आला.

आवाजाची वाट न बघता मसाला किती उरलाय हे बघता येतं. चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारा. चकचकीत डिस्क, तिला मिठी मारून बसलेलं जाडजूड कॅलिपर, आणि दोघांच्या मध्ये पॅडची कड. नव्या पॅडचा मसाला साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, तीनवर आला की बदलायचा. बाहेरून बाहेरचाच पॅड नीट दिसतो ही यातली मेख. आतला बऱ्याचदा त्याच्याही आधी संपतो. त्याचं कारण पुढे येईल.

आता जरा उष्णतेचं बोलू, कारण आपल्या भागात पॅड कशानं संपतात ते त्याशिवाय कळत नाही.

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? गाडीच्या वेगात साठलेली सगळी ऊर्जा घासून घासून उष्णतेत बदलतो आणि वाऱ्यावर सोडतो. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी 80 किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर निघणाऱ्या उष्णतेवर साधारण पाऊण लिटर गार पाणी उकळेल. हे एका ब्रेकचं झालं. आता चोर्ला घाट घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, आणि पलीकडे गोव्यातलं साखळी गाव जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. तेवढी उंची उतरताना हजार किलोच्या गाडीतून जी ऊर्जा बाहेर पडते तिच्यावर तेवीसेक लिटर पाणी उकळेल. दिवाळीचा तांब्याचा बंब म्हणा ना. या बंबातला काही वाटा वारा आणि टायर उचलतात, काही इंजिन उचलतं, उरलेला ब्रेकच्या वाट्याला येतो. इंजिनचा वाटा किती, हे चालकाच्या हातात आहे. तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्याचे पॅड हसतखेळत खाली पोचतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडणाऱ्याचा सगळा बंब डिस्कवर पेटतो. वर पेट्रोल वाचतही नाही. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर, इंजिनला पेट्रोल देणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं द्यावंच लागतं. इंजिनच बंद करून उतरणारे महाभाग वेगळे. दोन-तीन ब्रेकनंतर त्यांचं पेडल दगडासारखं कडक होतं, कारण पायाला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनच तयार करत असतं.

आपल्याकडच्या घाटांत कन्नड पाट्या असतात, 'निधानवागि चलिसि'. सावकाश चालवा. सावकाश म्हणजे सतत ब्रेकवर पाय ठेवून नव्हे, एवढं त्या पाटीखाली लिहायला हवं होतं.

बरं, आता ब्रेक लागतो कसा. पायाखाली एक छोटी पिचकारी, चाकाशी एक मोठी, मध्ये नळी आणि नळीत ब्रेक ऑईल. छोट्या पिचकारीवर थोडा जोर दिला की मोठीत तोच दाब मोठ्या जागेवर पसरतो आणि जोर कैकपट होतो. शाळेतला पास्कल तो हाच. चाकाशी असलेल्या पिचकारीचा दट्ट्या म्हणजे पिस्टन. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला असा एकच पिस्टन असतो आणि तोही डिस्कच्या आतल्या बाजूला.

मग बाहेरच्या पॅडला कोण दाबतं? इथं कॅलिपरची करामत आहे. ते जागेवर घट्ट बसवलेलं नसतं, दोन गुळगुळीत पिनांवर आडवं सरकतं. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. डिस्क बाजूला सरकत नाही, म्हणून उलट धक्क्यानं सगळं कॅलिपर आत सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून दुसऱ्या बाजूनं डिस्कवर चिकटवतं. लिंबू पिळायच्या चिमट्याचा एकच दांडा दाबला तरी लिंबू दोन्हीकडून चेपतं, तसं. पण पिना गंजल्या, त्यांच्या रबरी टोप्या फाटून आत लाल माती शिरली, की कॅलिपर सरकायचं थांबतं. मग सगळं काम एकटा आतला पॅड करतो आणि आधी संपतो. वर जी मेख सांगितली ती ही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांनी रस्त्यावर सांडलेल्या चिखलातून रोज ये-जा असेल तर तुमच्या पिनांचं आयुष्य पुण्यातल्या पिनांइतकं नसणार, हे धरून चाला.

आता मुख्य गोष्ट. ब्रेक लागतो हे समजलं, पण पेडल सोडल्यावर तो सुटतो कसा? पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. उघडून बघा, कुठंच सापडत नाही. ते काम एक रबरी कडं करतं.

पिस्टन ज्या भोकात बसतो त्याच्या भिंतीत एक खाच असते आणि खाचेत चौकोनी काटछेदाचं रबरी कडं. ते पिस्टनला सगळीकडून घट्ट धरून असतं. पहिलं काम ऑईल गळू न देण्याचं. दुसरं काम करून बघायचं असेल तर मनगटावर घट्ट रबर बँड चढवा आणि बोटानं हलकेच पुढे ढकला. बँड सरकत नाही, खालची कातडी ताणली जाते, आणि बोट काढलं की बँड परत जागेवर येतो. पिस्टन ब्रेक दाबताना अगदी केसभर पुढे येतो. कडं त्याला सोडत नाही, स्वतः वाकतं. पेडल सोडलं की कडं सरळ होतं आणि पिस्टनला तेवढंच केसभर मागे ओढतं. डिस्क मोकळी.

आता बँड जरा जास्त ढकला. एका मर्यादेनंतर तो कातडीवरून सरकतो आणि नव्या जागी बसतो. पॅड झिजले की पिस्टनला जास्त पुढे यावं लागतं, तो कड्यातून थोडा सरकतो आणि पुढच्या वेळी कडं त्याला नव्या जागेपासून केसभर ओढतं. म्हणून डिस्क ब्रेक कधी 'टाइट करून' आणावा लागत नाही. झिजेल तसा स्वतःच पुढे सरकत राहतो.

हे कडं डोक्यात बसलं की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑईल गळती नसताना वर्षभरात खाली का जातं? पिस्टन बाहेर आला, त्याच्यामागची जागा ऑईलनं भरली. म्हणून पातळी उतरली की वरून ओतायची घाई करू नये. आधी पॅड बघावेत. नवे जाड पॅड सरळ का बसत नाहीत? पिस्टन अजून झिजलेल्या पॅडच्या मापावर बाहेर उभा आहे, त्याला परत आत ढकलायला हवं. ढकलताना डबी ओसंडते का? पिस्टनमागचं ऑईल परत वर येतं म्हणून. आणि काम संपल्यावर पहिलं पेडल थेट तळाला का जातं?

याचं उत्तर मला सहा वर्षांपूर्वी अंगणात मिळालं. पहिल्यांदाच स्वतः पॅड बदलले होते. हात काळे, कपाळाला ग्रीस, आणि छाती दोन इंच पुढे. गाडी सुरू केली. आमचं अंगण फाटकाकडे उताराचं आहे. हँडब्रेक सोडला, गाडी मागे सरकली, ब्रेक मारला, आणि पाय चिखलात रुतावा तसा पेडलसकट तळाला गेला. काहीच घडलं नाही. गाडी आपली निवांत फाटकाकडे चालली होती. हँडब्रेक ओढला आणि शेजारच्या काकांच्या स्कूटरच्या वीतभर अलीकडे थांबलो. काका उद्यमबागेत फिटर म्हणून उभा जन्म काढलेले, पायरीवर चहा घेत सगळं बघत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "अरे, पेडल मार की आधी! पिस्टन तूच आत घालून ठेवलास, आणि आता ब्रेक कशाचा लागणार?"

काकांचं बरोबर होतं. पिस्टन पार आत ढकललेला, पॅडपर्यंत मोठं अंतर. पेडलच्या एका दाबात पिचकारीतून जेवढं ऑईल जातं त्यात तो तेवढं अंतर चालून येऊ शकत नाही. पाच-सात वेळा पेडल मारावं लागतं, प्रत्येक वेळी पिस्टन कड्यातून थोडा पुढे सरकतो, आणि अचानक पेडल कडक होतं. गाडीच्या ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं असतं, हे खरं. पण बहुतेक छोट्या गाड्यांत प्रत्येक सर्किटवर एक पुढचं आणि एक मागचं चाक असतं. दोन्ही पुढचे पिस्टन आत ढकललेत, तर दोन्ही सर्किटं एकदमच लुळी पडली. म्हणून मी आता पाटावर खडूनं 'पेडल' असं लिहून पाट ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो. हसा खुशाल. पाट उचलल्याशिवाय बसताच येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मी पुढच्या चाकांचंच सांगतोय. मागे डिस्क असतील तर तिथला पिस्टन बऱ्याच गाड्यांत नुसता ढकलून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर ते प्रकरण आणखी वेगळं. त्यात पडू नका.

हत्यारं फार नाहीत: चाकाचा पाना, कॅलिपरच्या बोल्टला 12, 13, 14 किंवा 17 चा, गाडीप्रमाणे, एक सी-क्लॅम्प (स्क्रूनं आवळायचा शिकंजा), तारेचा ब्रश, थोडी तार, आणि उचललेल्या गाडीला खालून टेकू द्यायला दोन जॅक स्टँड. स्टँड नसतील तर आणेपर्यंत काम पुढे ढकला. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर चाकाच्या खोबणीत हात-डोकं घालायचं नाही. जॅक कुठं लावताय तेही बघा. आपल्याकडे अंगणात एक तर लाल माती नाही तर शहाबादी फरशी. पावसाळ्यात मातीत जॅक हळूहळू रुततो, आणि फरशी खालून पोकळ असली तर एका टोकावर आलेल्या वजनानं तडकते. सपाट सिमेंट काँक्रीट शोधा, मग ते शेजाऱ्याच्या दारात असलं तरी चालेल. मी तेच करतो, काकांच्या दारात. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, मग उचलायची. स्टँडवर टेकवली की एकदा कुशीतून जोरात ढकलून बघायची. डगमगली तर पुन्हा खाली. काढलेलं चाक बाजूला टेकवून न ठेवता गाडीखाली आडवं सरकवायचं. स्टँड घसरलाच तर मध्ये चाक आहे.

दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी बदलतात, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते. पण दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरी जशीच्या तशी, म्हणजे क्लिप कुठं होती याचा वाद पडला तर समोर नमुना तयार.

स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की कॅलिपरची पाठ तोंडासमोर येते. दोन बोल्ट दिसतील. बऱ्याच गाड्यांत खालचा एकच काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर फिरून झाकणासारखं उघडतं. बोल्टबरोबर पिनही गरगर फिरायला लागली तर तिला दुसऱ्या पान्यानं धरा. कॅलिपर पूर्ण काढावं लागलं तर ते रबरी नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. नळी बाहेरून धड दिसते आणि आतून फाटते, ती कळते थेट घाटात.

आणि या वेळी गाडीत कुणी बसू देऊ नका. गेल्या खेपेला भाचा "मामा, काय करूलालास?" म्हणत आला, मी डोकं न काढता काहीतरी हूं केलं, आणि साहेब ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. पाटाचा उपाय तेव्हा नव्हता. चावी माझ्या खिशात होती म्हणून मी निर्धास्त, पण पेडल दाबायला चावी लागत नाही. पॅड काढलेले असताना कुणी पेडल मारलं तर पिस्टनला अडवणारं समोर काहीच नसतं. चार दाबांत तो भोकातून बाहेर पडतो, ऑईल अंगणभर, आणि गाडी टोचनवर गॅरेजला. नशीब, साहेबांना पेडलपेक्षा हॉर्न जास्त आवडतो.

जुने पॅड हातात घेऊन नीट बघा. दोन्ही सारखे झिजलेत? उत्तम. एक तिरका झिजलाय, किंवा आतला कागदासारखा पातळ आणि बाहेरचा अर्धा शिल्लक? मग पिना ओढून काढा. चांगली पिन चकचकीत निघते आणि परत घालताना लोण्यात जावी तशी जाते. वाईट पिन तपकिरी, कोरडी, चिकट. पुसा, गंज काढा, रबरी टोपी फाटली असेल तर बदला, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. घरात असलेलं साधं ग्रीस नको. त्यातल्या खनिज तेलानं हे रबर फुगतं आणि महिनाभरात पिन पहिल्यापेक्षा घट्ट रुतते. खरं सांगायचं तर पॅड कुणीही बदलतो. कामाची प्रत कळते ती पिनांवरून, आणि घाईच्या ठिकाणी नेमकं तेच राहतं.

काळी पूड तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही नको. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. तो नसला तरी धातू आणि राळेची ती बारीक पूड फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

डिस्कवर नख फिरवा. बारीक रेघा असतातच. नख अडकेल अशा खोल चऱ्या, निळसर डाग किंवा कडेला ठळक उंच काठ दिसला तर डिस्कची जाडी मोजून घ्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. तिच्या खाली गेलेली डिस्क बदलायचीच. आपण झिजवलेलं लोखंड म्हणजे बंबाचं भांडं पातळ केलेलं, तीच उष्णता आता कमी धातूत मावायला हवी.

पिस्टन आत ढकलण्याआधी बॉनेटखालच्या डबीचं झाकण सैल करा, भोवती फडकं गुंडाळा. मधल्या काळात कुणी वरून ऑईल भरलं असेल तर ते हमखास ओसंडतं. सिरिंजनं थोडं काढून घ्या. याला आपण ऑईल म्हणतो, पण हे तेल नव्हे, ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे. दोन गुण लक्षात ठेवायचे. एक, रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. दुसरा, ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाणीच पाणी. ताजं डॉट-4 (ब्रेक ऑईलचा हा एक दर्जा) किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी 155 अंशांवर येते. तापलेल्या घाटात उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल मऊ पडतं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलतात. आणि झाकण विनाकारण उघडं ठेवत नाहीत.

पिस्टनच्या तोंडावर जुना पॅड आडवा धरा, त्यावर सी-क्लॅम्प लावा आणि हळूहळू फिरवा. एकसारखा जड पण सलग आत गेला पाहिजे. अडकत, तिरका होत जात असेल, त्याच्याभोवतीची रबरी टोपी फाटलेली असेल, किंवा ऑईलचा ओलावा दिसत असेल, तर इथं थांबायचं. हे काम कॅलिपर उघडून करायचं, गॅरेजचं. थांबण्यात कमीपणा नाही. काकांच्या शब्दांत, ब्रेकात 'बघू की' चालत नाही.

पत्र्याच्या क्लिपा नव्या सेटबरोबर आल्या असतील तर त्याच लावा, नसल्या तर जुन्या ब्रशनं घासून. पॅडचे कान त्यात हातानं सरकत बसले पाहिजेत, हातोडीनं नव्हे. मसाल्याची बाजू डिस्ककडे. हे लिहायची वेळ यावी असं वाटत नाही, पण उलटा बसवलेला पॅड मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. शीळ घालणाऱ्या जिभेचा पॅड बहुधा आतल्या बाजूला असतो, दुसरी बाजू बघून खात्री करा. मसाल्याला ग्रीसचा हात लागू देऊ नका. डिस्क पुसायला रॉकेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. ब्रेक क्लीनर नाहीतर साबणाचं पाणी, आणि कोरडं फडकं.

कॅलिपर खाली घ्या, बोल्ट आवळा. शक्य असेल तर टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, गाडीसाठी दिलेल्या आकड्यावर. हे बोल्ट दिसतात तेवढा जोर मागत नाहीत, पान्याला पाइप लावून आटे मारणारे खूप आहेत. चाक लावा, नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर. मग दुसरी बाजू.

आणि मग पाट उचलायचा. पेडल सावकाश मारत राहायचं, पायाखाली कडक लागेपर्यंत. डबीतली पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आणायची. इंजिन सुरू करून परत पेडल दाबून धरायचं; किंचित खाली जाऊन ते टिकलं पाहिजे. हळूहळू बुडत गेलं तर कुठंतरी गळती किंवा आत हवा आहे, गाडी हलवायची नाही. सगळं ठीक असलं तरी पहिले दहा फूट चालण्याच्या वेगानं, हात हँडब्रेकवर.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीनं धरत नाहीत. मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. मी पहाटे येळ्ळूरच्या रस्त्याला जातो, राजहंसगडाच्या बाजूला. भाताच्या खाचरांवर धुकं असतं आणि रस्त्यावर फक्त दुधाच्या किटल्या. मागे कुणी नाही बघून साठच्या वेगावरून मध्यम दाबानं दहा-पंधरावर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. शेवटी जळक्या राळेचा वास येतो, तो अपेक्षितच. मग ब्रेक न मारता पाच-दहा मिनिटं चालवून गार होऊ द्यायचं. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवली तर पॅडचा ठसा तिथंच उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं.

या वेळी परत आलो तेव्हा काका उठून बसले होते. डावा नट पुन्हा तपास म्हणाले. शंभर किलोमीटर झाले की तपासतो म्हटलं. पुढच्या रविवारी निपाणीला जाऊन आल्यावर पाना लावला. उजवीकडचे चारही जागच्या जागी होते. डावीकडचा एक पाव आटा फिरला.